जनावरांचं पाणी

चैत्र लागला की लोकांना कैरी आठवते, मोगरा आठवतो, माठातलं वाळ्याचं पाणी आठवतं. मला दत्ताशेठ आठवतो. ऊन अजून पुरतं तापलेलंही नसतं, जालन्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी रसवंतीवाला चरकाला घुंगरू बांधत असतो, आणि इकडे मी दात-ओठ खायला लागते. घरचे म्हणतात, हिला उन्हाळा बाधतो. बाधतो, पण ऊन नाही बाधत.

मी शाळेत शिकवते. स्नेहसंमेलन असो की शिक्षकांचं प्रशिक्षण, हल्ली टेबलावर सीलबंद बाटल्यांची रांग लागते. पाहुणे दोन घोट घेतात आणि उरलेली बाटली तिथंच सोडून उठतात. कार्यक्रम संपला की मी त्या अर्ध्या बाटल्या गोळा करते, मैदानातल्या कडुनिंबाच्या बुडाशी रिकाम्या करते आणि मनातल्या मनात प्रत्येक पाहुण्याला एकेक शिवी देते. शिव्या मला चांगल्या येतात, मायकडून आल्या आहेत. स्वतःसाठी मी घरून पाणी नेते. सहकारी चेष्टा करतात, "बाई, तुमचं सोवळं फार कडक बुवा." मीही हसते. आमच्या सात पिढ्यांत सोवळं पाळायची ही पहिलीच वेळ, म्हणून जरा कडक पाळते.

आमचं गाव बदनापूरपासून आत, दुधना नदीच्या अंगाला. वर गाव आणि खाली नाल्याच्या काठाला आमची बौद्धवस्ती. वरच्या गावाला दगडी बांधणीचा जुना आड होता. आमच्या वस्तीला विहीर झाली ती ऐंशी साल उलटल्यावर, मी दहा-अकरा वर्षांची असताना. बापाला सरकारकडून जमिनीचा एक तुकडा मिळाला होता. तुकडा कसला, नुसता मुरूम. त्यात ज्वारी उगवायची नाही हे बापाला पहिल्याच वर्षी कळलं. तो म्हणाला, वर काही येत न्हाई तर खाली काय हाय ते बघू. आणि त्यानं विहिरीचा गोल आखला.

तो उन्हाळा माझ्या नाकात अजून आहे. दिवसभर लोकांच्या रानात राबून आलेली माणसं दिवस कलला की पहार आणि टिकाव घेऊन खाली उतरायची. बाया टोपल्यांनी मुरूम वर घ्यायच्या. आधी कोरडा, घसा खवखवेल असा धुरळा यायचा. मग काळा पाषाण लागला, मग सुरुंगाच्या दारूचा उग्र वास. आणि एका संध्याकाळी टोपलीतून वर आलेल्या खड्यांना ओल होती. बायांनी ते खडे हातात घेऊन गालाला लावले. बाप खालून ओरडला, "पाझर लागला गं!" मायनं पहिलं पाणी तोंडात घेतलं आणि बराच वेळ गिळलंच नाही. आम्ही पोरं तिच्या तोंडाकडं बघत उभे होतो. गिळल्यावर ती एवढंच म्हणाली, "गोड हाय."

सातबाऱ्यावर विहीर बापाच्या नावची, वापरायला वस्तीची. कोणी कधी विचारलं नाही आणि बापानं कधी सांगितलं नाही. बाप गेला तेव्हाही विहिरीचं कोणाच्या मनात आलं नाही. ज्या गोष्टीसाठी माणूस मर मर मरतो ती एकदा मिळाली की अंगवळणी पडते. आम्हीही गोडं पाणी पीत पीत विसरलो होतो की ते कुठून आलं. आठवण करून द्यायला शत्रूच लागतो.

दत्ताशेठ आमच्याच गावचा. वरच्या गल्लीतला, शाळेत माझ्या चार-पाच वर्गांनी पुढं. बदनापुरात त्याचं खत-बियाण्याचं दुकान होतं. दोन हजार साल लागलं आणि पाठोपाठ पाऊस रुसत गेला. खतं कोण घेणार? तेव्हा त्याच्या डोक्यात पाण्याचा धंदा आला. आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर त्याचं रान होतं. तिथं त्यानं पत्र्याचं शेड मारलं, मशिन बसवलं आणि शेडाच्या मागं-पुढं बोअर घेतले. पाऊच, जार, बाटल्या. पाऊचवर हिमालयाचं चित्र होतं, बर्फाची शिखरं आणि हिरवी झाडं. जालना जिल्ह्यात तसं झाड कोणी पाहिलं असेल तर मला सांगा.

मी तेव्हा नोकरीला लागून फार वर्षं झाली नव्हती. वस्तीतून बदनापूरला आणि तिथून गाडीनं पुढं जायचे. स्टेशनवर बघायचे, फलाटावरचे उतारू पाऊचचा कोपरा दातानं तोडून हिमालय पीत उभे असत. पिऊन झालं की हिमालय रुळात टाकत. मला आधी मजा वाटायची. आमच्या गावचं काहीतरी फलाटावर विकलं जातंय याचा थोडा अभिमानसुद्धा वाटला असेल. पण फाल्गुनात वरच्या गावचा आड आटला. आजवर कधी आटला नव्हता म्हणे. त्यानंतर मोसंबीच्या बागांच्या विहिरी गेल्या. पानं आतल्या अंगाला वळली, फांद्या काळ्या पडल्या. माणसांनी स्वतः लावलेली झाडं स्वतः तोडली आणि बांधाला सरपण रचून ठेवलं. शेडातलं मशिन मात्र सकाळी सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत गुरगुरत राहायचं. टँकर आला तर आला. नाही आला तर दत्ताशेठचे जार होतेच, आपल्याच गावाला विकत.

चैत्रात एका सकाळी आमच्या विहिरीवर किसनमामा दिसला. किसनमामा म्हणजे वरच्या पाटलीणबाईंचा जुना सालगडी. हातात दोन प्लास्टिकचे कॅन. काठावर उभा राहून तो मायला म्हणाला, "सुंदराबाई, जरा पाणी भरू का? जनावरांसाठी पाह्यजे."

"भर की," माय म्हणाली. "जनावरांनी काय पाप केलं?"

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरचा गडी आला, जनावरांसाठी. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या. मग बायका येऊ लागल्या, डोक्यावर घागर आणि तोंडात तेच वाक्य. पाणी नेताना त्या ते जरा मोठ्यानं म्हणायच्या, म्हणजे मागून येणाऱ्या शेजारणीला ऐकू जावं. स्टीलची चकचकीत कळशी घेऊन आलेली एक सून म्हणाली, म्हशीला पाह्यजे. माय म्हणाली, "कळशीनं पेते व्हय गं तुमची म्हैस? लई शिकलेली हाय." सून लाजली आणि कळशी उचलून झपझप चालती झाली. त्या दिवसापासून आमच्या वस्तीत जेवताना कोणी पाणी मागितलं की पोरं विचारायची, माणसाला पाह्यजे का जनावराला?

आम्ही हसत होतो, पण विहिरीचं हसणं बंद होत चाललं होतं. रोज दोराला एक हात जास्त लागायचा. वैशाखाच्या तोंडाला पोहरा तळाला घासू लागला आणि वर यायचं ते गढूळ यायचं. बाप जिथं उभा राहून ओरडला होता तो दगड उघडा पडला. तो दगड बघितला त्या दिवशी माय थेट दत्ताशेठच्या शेडावर गेली. मी मागोमाग गेले.

"दत्ता, मशिन बंद कर," माय म्हणाली. "आमची विहीर मरून राह्यली."

तो खुर्चीतून उठला नाही. "मावशी, म्या काय तुमच्या विहिरीत पाइप टाकला का? माझ्या रानात बोअर हाय. म्या खर्चा केला. जमिनीखालचं पाणी काय तुमच्या बापाचं हाय का?"

"बापाचं न्हाई. नवऱ्याचं हाय."

शेडातले कामगार हसले. दत्ताशेठही हसला, आणि मग त्यानं जे केलं ते त्यानं करायला नको होतं. त्यानं पाऊचचं एक पोतं मायच्या पायाशी सरकवलं. "घ्या, घेऊन जा. लेकराबाळांला पाजा. पैसे नका देऊ."

मायनं वाकून त्यातला एकच पाऊच उचलला. घरी आणला आणि दाराच्या चौकटीवर खिळा मारून त्याला टांगला. म्हणाली, "जाता-येता दिसला पाह्यजे." उन्हानं त्यातलं पाणी तापायचं, पिशवी फुगायची, त्यावरचा हिमालय ताणला जायचा. मी शाळेत जाताना त्याच्याखालून वाकून जायचे. भिंतीवर देवांच्या तसबिरी असलेली घरं मी पाहिली आहेत. आमच्या दारावर शत्रूची तसबीर होती.

मराठी माणूस ज्याचा द्वेष करतो त्याला पाण्यात पाहतो. हा वाक्प्रचार मुलांना शिकवताना मी त्याचा वाक्यात उपयोग नेहमी वेगळा देते, पण माझ्या डोळ्यापुढं वाक्य एकच असतं. आटत चाललेल्या विहिरीत वाकून बघायचे तेव्हा तळाच्या त्या वीतभर पाण्यात मला माझं तोंड दिसायचं नाही. दत्ताशेठचं दिसायचं.

तालुक्याच्या कचेरीत मी गेले ती भांडायच्या तयारीनं. पण तिथले नायब तहसीलदार बरे निघाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, लोक जिथून पिण्याचं पाणी भरतात अशा सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय बोअर घेता येत नाही, असा कायदा आहे. दत्ताशेठकडं परवानगी नव्हती. अंतर तर पाचशे मीटर सोडाच, त्याच्या निम्मंही नव्हतं. मला वाटलं, झालं काम.

"पण बाई," ते म्हणाले, "तुमची विहीर कागदावर खासगी आहे. ती सार्वजनिक आहे असं दिसलं पाहिजे. गाव ती पिण्यासाठी वापरतं असा पंचनामा व्हावा लागेल, आणि तुमच्या आईंनी ती ग्रामपंचायतीला द्यावी लागेल."

मी घरी येऊन मायला सांगितलं. बापाची विहीर, तीही गावाला द्यायची. ज्या गावच्या आडाच्या पायरीला तिला कधी पाय लावू दिला नाही त्या गावाला. माय त्या दिवशी जेवली नाही. चुलीपुढं बसून राखेत काडीनं रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "येऊ दे साहेबाला."

साहेब आले ते वैशाखातल्या भर उन्हात. बरोबर तलाठी, हातात टेप. वरचं गाव झाडून खाली आलं होतं. पुरुष कडुनिंबाच्या सावलीत, बायका पलीकडच्या बांधाला, आणि आमची वस्ती विहिरीभोवती. दत्ताशेठ थंडगार पाऊचची पेटी घेऊन आला होता. साहेबांना त्यानं पहिला पाऊच पुढं केला. साहेबांनी घेतला नाही, तसा तो पेटी घेऊन विहिरीच्या काठालाच उभा राहिला. अंतर मोजून झालं. ते मोजण्याची खरं तर गरज नव्हती, शेडातल्या मशिनची गुरगुर आम्हाला तिथं उभ्या-उभ्या ऐकू येत होती.

मग दत्ताशेठ बोलला. "साहेब, बराबर लिहा. ही विहीर सुंदरामावशीच्या मालकाच्या नावची. खासगी. गावचा आड वर हाय. गाव हितलं पाणी पेत न्हाई, कोणालाबी इचारा. जनावरांला नेतेत, बस. मंग पिण्याची विहीर कशी झाली ही?"

साहेबांनी कडुनिंबाकडं वळून विचारलं, "काय हो, पिता का तुम्ही हे पाणी?"

कोणी बोलेना. त्या शांततेचा मला आजही संताप येतो. वरच्या प्रत्येक घरात आमच्या पाण्यावर डाळ शिजत होती, चहा उकळत होता, देवसुद्धा त्याच पाण्यानं आंघोळ करत होते. हे ज्याला-त्याला ठाऊक होतं आणि ज्यानं-त्यानं ते शेजाऱ्यापासून लपवलं होतं. जनावरांची थाप त्यांनी आम्हाला मारलीच नव्हती, आम्हाला फसवायची त्यांना गरज काय होती? ती एकमेकांना मारली होती. आता खरं बोलायचं म्हणजे सगळ्यांच्या देखत बाटायचं. दत्ताशेठनं आपल्या माणसांचं पाणी बरोबर जोखलं होतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि तलाठ्याच्या हातातला कागद घेतला. एका ओळीत आमची विहीर संपणार होती.

"लिहू नका साहेब अजून," माय म्हणाली. ती काठावरून पुढं आली. हातात पोहरा होता, मघाशीच शेंदून ठेवलेला. "म्या विहीर गावाला द्यायला तयार हाय. माझ्या मालकानं खांदली, म्या देते. पण फुकट न्हाई."

"म्हणजे? पैसे?" साहेब गोंधळले.

"पैसा काय करायचा? ज्याला विहीर पाह्यजे त्यानं हितं यायचं आन् माझ्या हातानं पाणी प्यायचं. तुमच्या म्होरं."

सावलीतून कोणीतरी घाईनं म्हणालं, "अरे, जल्दी गिलास आणा रे वरून." एकजण पळालासुद्धा.

"गिलास कशाला?" माय म्हणाली. "ओंजळ करा."

हे ज्याला कळलं नाही त्याच्यासाठी सांगते. मी लहान असताना, आमची विहीर व्हायच्या आधी, आमच्या बाया वरच्या आडापाशी जाऊन खाली जमिनीवर उभ्या राहायच्या. कोणाला दया आली तर ती वरच्या पायरीवरून घागरीत पाणी ओतायची, लांबून, भांड्याला भांडं लागू न देता. अर्धं मातीत जायचं. तहान लागलेली असली तर वाकून ओंजळ करायची आणि वरून धार यायची. धार कोपरावरून वाहायची, लुगडं भिजायचं, आणि प्यायला मिळायचे दोन घोट. मायनं तशी ओंजळ लग्न होऊन आल्यापासून केली होती. आणि बहुतेक वेळा वरच्या पायरीवर जी उभी असायची ती पाटलीणबाई होती.

ती आता बांधावर बसली होती. साठीची, उंच, डोक्यावर पदर. तिची मोसंबीची बाग त्याच महिन्यात गेली होती. ती उठली तेव्हा तिचा मुलगा पुटपुटला, "आई, बस खाली." ती बसली नाही. ऊन तुडवत आली आणि मायसमोर उभी राहिली.

"सुंदरा, पाणी वाढ," ती म्हणाली.

मायनं पोहरा हलवला नाही. "सुंदराबाई म्हणा."

इतकं शांत झालं की शेडातलं मशिन जवळ आल्यासारखं वाटलं. पाटलीणबाईनं एकदा मागं आपल्या गावाकडं पाहिलं. गाव जमिनीकडं पाहत होतं.

"सुंदराबाई, पाणी वाढा."

ती वाकली, ओंजळ केली. मायनं पोहरा खांद्याच्या वर उचलला आणि तिथून धार सोडली. सावकाश. धार हातावर पडली, कोपरावरून वाहिली, पदर भिजला. अर्धं पाणी मातीत गेलं. दुष्काळात, वैशाखात, ज्या पाण्याच्या थेंबासाठी आम्ही भांडत होतो ते पाणी मायनं जाणूनबुजून मातीत जाऊ दिलं. तेवढी उधळपट्टी तिनं आयुष्यात एकदाच केली. पाटलीणबाई घटाघटा प्यायली. मला वाटत होतं दया येईल. आली नाही. उलट मला वाटलं, धार अजून थोडी वरून सोडायला हवी होती.

पाटलीणबाईनं तोंड पुसलं आणि ती साहेबांकडं वळली. "लिहा साहेब. पिण्याचं पाणी हाय. चैत्रापासून पेऊन राह्यलो आम्ही."

"आणि जनावरं?" साहेबांनी विचारलं.

"जनावरं संक्रांतीलाच इकली. कोणाच्या गोठ्यात काय ऱ्हायलंय?"

मग ते एकेक करून आले. पाटलीणबाईचा मुलगा आला, कळशीवाली सून आली, किसनमामा आला. गिलास आणायला पळालेला माणूस दोन्ही हातांत गिलास घेऊन परत आला आणि ते कुठं ठेवावेत हे न सुचून तसाच उभा राहिला. माय प्रत्येकाला पाणी देत होती, कोणाला जवळून, कोणाला लांबून. तिच्याकडं जुना हिशेब होता आणि तो तिला तोंडपाठ होता. किसनमामाला तिनं पोहरा ओठाशी नेऊन पाजलं. काहींच्या पायजम्याचे गुडघे भिजले. विहिरीच्या काठाला चिखल झाला, तेव्हा कुठं ती थांबली.

पोहऱ्यात तळाला थोडं उरलं होतं. "ये दत्ता," ती म्हणाली, "तू बी ये. वाक जरा."

सगळं गाव त्याच्याकडं वळलं. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता, ओठ सुकले होते. प्यावं तर तोच पंचनाम्यातला शेवटचा साक्षीदार होणार होता. त्यानं पेटीतला एक पाऊच काढला, कोपरा दातानं तोडला आणि मायकडं रोखून बघत तोंडाला लावला.

"पी बाबा, पी," माय म्हणाली. "ते बी ह्याच झऱ्याचं हाय."

पहिल्यांदा किसनमामा हसला. मग वस्ती हसली. मग सावलीतलं गावसुद्धा हसलं, आपली लाज लपवायला त्यांना कोणाला तरी हसायचंच होतं. दत्ताशेठला ठसका लागला. नाकातोंडातून पाणी आलं आणि हिमालय त्याच्या शर्टावर सांडला. ते दृश्य मी अजून पुरवून पुरवून वापरते. एखादा दिवस वाईट गेला की झोपण्यापूर्वी मी तो ठसका आठवते आणि मला चांगली झोप लागते.

बोअर बंद झाले. मोटारी वर काढल्या, केसिंगच्या पाइपांवर लोखंडी झाकणं ठेवून वेल्डिंग केलं. विहीर ग्रामपंचायतीच्या नावावर गेली. सातबाऱ्यावर आता बापाचं नाव नाही याचं मला वाईट वाटलं. माय म्हणाली, "कागदावरून गेलं तर जाऊ दे. आता गावाच्या नरड्यात हाय त्याचं नाव."

त्या वर्षी पाऊस बरा झाला. वरच्या आडाला पाणी आलं आणि गावाची पावलं आमच्या विहिरीकडं वळेनाशी झाली. याची वाटच बघत असल्यासारखं दत्ताशेठनं अर्ज टाकला: सदर विहिरीचं पाणी गाव पीत नाही, तरी झाकणं काढावीत. मायनं पाटलीणबाईला निरोप धाडला. काय निरोप होता ते मला माहीत नाही, पण त्या आठवड्यापासून बाजाराच्या दिवशी वरच्या गल्लीतलं कोणी ना कोणी खाली येऊन आमच्या विहिरीचं पाणी पिऊन जायला लागलं. पाटलीणबाई स्वतःही यायची. तिची आणि मायची मैत्री वगैरे झाली नाही. गोष्टीतल्यासारखं गळ्यात गळे घालणं आमच्याकडं होत नाही. ती यायची, "सुंदराबाई, पाणी वाढा" म्हणायची, माय वाढायची, आणि दोघी आपापल्या वाटेनं जायच्या. फरक इतकाच की माय हळूहळू धार जवळून सोडायला लागली. तो तिचा प्रश्न होता. मी असते तर सोडली नसती.

विहारात सांगतात, वैर मनात धरू नये. मी मान डोलावते. पटतं मला ते, बसल्या जागी अगदी पटतं. पण बाहेर पडून कोपऱ्यावर जारची गाडी दिसली की पटलेलं सगळं पुसून जातं. वैर मनात धरू नये हे खरं, पण विहीर सांभाळायची तर कोणीतरी ते धरून ठेवावंच लागतं. माय दोन वर्षांपूर्वी गेली. भांडीकुंडी भावानं घेतली, वैर माझ्या वाट्याला आलं. दत्ताशेठचा धंदा आता दुसऱ्या तालुक्यात आहे. कोणत्या गावात, कोणत्या विहिरीशेजारी, ते मला ठाऊक आहे. तिथल्या बायकांना मी दोनदा भेटून आले. पाचशे मीटर म्हणजे किती ते त्यांना चालून दाखवलं. त्यांचा तलाठी आता मला नावानं ओळखतो आणि दिसले की खुर्ची देतो.

चैत्रात मी गावी जाते. विहिरीत वाकून पाणी बघते, मग दत्ताशेठच्या पडीक रानात जाते. बंद बोअरभोवती सिमेंटचा छोटा ओटा आहे. त्या ओट्यावर, झाकण लावलेल्या पाइपाला पाठ टेकून बसते आणि घरून आणलेला डबा खाते. मागच्या वर्षी तशीच बसले होते, तर समोरून दत्ताशेठ आला. पोट सुटलेलं, केस पिकलेले.

"मॅडम, उन्हात बसल्या?"

"बसले."

तो थोडा वेळ पायानं ढेकूळ फोडत राहिला. "पोराला हितं मोसंबीची रोपं करायचीत. धंद्याचं न्हाई, शेतीपुरतं पाणी. तुमचा शब्द चालतो. ग्रामपंचायतीत एकदा बोला की, झाकण काढू द्या म्हणून. मावशीबी गेल्या आता. किती वर्षं धरून बसायचं? माफ करून टाका."

मी डबा झाकला. "माझ्या एकटीच्या हातात असतं तर वेगळं, दत्ताशेठ. पण विहीर सार्वजनिक हाय. तिची माफीबी सार्वजनिकच लागंल. गावाला इचारा."

त्यानं वर गावाकडं पाहिलं. गावाला विचारायचं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. आटलेला आड गाव कधीच विसरलं. तोडलेल्या बागांच्या जागी दुसऱ्या बागा आल्या. पण त्या दुपारी केलेली ओंजळ त्यातला एकजणही विसरलेला नाही, आणि ती ज्याच्यामुळं करावी लागली त्याला तर मुळीच नाही. मायनं त्यांना वाकवलं, म्हणून ते मायला काही बोलू शकले नाहीत. तो सगळा राग त्यांनी दत्ताशेठच्या नावावर जमा करून ठेवला आहे. त्या गावात त्याला आता साधा रामरामसुद्धा उधार मिळत नाही.

तो बांधावरून निघून गेला. मी डबा उघडला. ज्वारीची भाकरी होती आणि मिरचीचा ठेचा. ठेचा त्या दिवशी फार चांगला झाला होता.